गिरिजाची बर्फाची पेटी

भाईंदर पश्चिमेच्या बाजारात नेहमीचे गिऱ्हाईक काशीनाथभाऊंनी गिरिजाच्या पाटीतल्या पापलेटाचा कल्ला उचलला, नाक मुरडलं आणि काही न घेता ते पुढे निघून गेले. उभ्या जन्मात गिरिजाच्या पाटीला कोणी नाक मुरडलं नव्हतं. दोष मासळीचा नव्हता, पत्र्याच्या पेटीचा होता. तिच्यात दुपार व्हायच्या आत बर्फाचं पाणी व्हायचं.

"फायबरची पेटी बनवू, आये," गिरिजाचा मुलगा निकेत म्हणाला. होड्यांना फायबर चढवताना त्याने पाहिलं होतं. "आतून-बाहेरून फायबर, मधे फोम. दुकानदार पिवळा फोम घ्या म्हणतोय."

"त्याला खपवायचाय, म्हणून म्हणतोय. माळ्यावर मखराचं थर्माकोल पडलंय, ते काय उंदरांना आंदण देऊ?"

आईपुढे निकेतचं काय चालणार! त्याने मखराची कमान उतरवली, वर फायबरची मॅट अंथरली आणि ब्रशने रेझिन, म्हणजे फायबर घट्ट करणारं चिकट रसायन, फासलं. बघता बघता मॅट मधोमध खचली. रेझिनने तव्यावरच्या लोण्यासारखं थर्माकोल विरघळत गेलं. सून नीलम तोंडाला पदर लावून हसली.

"हसतेस काय? दात आत घे," गिरिजा कडाडली. मग निकेतकडे वळली. "मासा दाबल्याबिगर मी कधी घेते? मग ह्यो माल तरी न बघता का घ्यायचा? जा, दुकानातल्या सगळ्या मालाचा एकेक तुकडा आण. दिला न्हाय तर माझं नाव सांग."

तुकडे आले. गिरिजाने ते ओट्यावर मांडून प्रत्येकावर रेझिन टाकायला लावलं. प्लायवूडला काही झालं नाही, पिवळ्या फोमालाही नाही. तिने प्लायवूड हातात तोललं.

"याची पेटी रिक्षात कोण चढवणार? तुझा सासरा?" मग फोम अंगठ्याने दाबला. "ह्योच घे. पण बिजागरी जिथं ठोकशील तिथं आत लाकूड घाल. मऊ मांसात गळ टिकत न्हाय."

नवी पेटी बाजारात आली त्या दिवशी दुपारी काशीनाथभाऊ पुन्हा समोरून चालले होते.

"ओ भाऊ, आज नाक घरी ठेवलंत काय?" गिरिजाने झाकण उघडलं. आत बर्फ सकाळसारखा खडखडीत होता. भाऊंनी कल्ला पाहिला, अंगठ्याने मासा दाबला आणि पिशवी पुढे केली.

"जोडी द्या, गिरिजाबाई."

"जोडीच देते. त्या दिवशीची भूक पण धरून."

संध्याकाळी नीलमने हळूच विचारलं, "आई, मखर मोडलं. यंदा गणपतीला नवं थर्माकोल आणायचं?"

"कापडाचं कर," गिरिजा पाटी धुता धुता म्हणाली. "निकेतच्या हातून रेझिन सांडलं, तर देव उघड्यावर पडायचा."