एका माणसाला पुरेल

केळी प्लास्टिकची होती. काचेच्या ताटलीत मांडलेली, पिवळीधमक, सालीवर एक काळा ठिपका नाही – आणि जितेंद्र नको तेवढा वेळ त्यांच्याकडे बघत राहिला, कारण खिडकीतून खाली खरीखुरी केळीची बाग दिसत होती. वटार गावात इमारत बांधून आत प्लास्टिकची केळी ठेवणारा माणूस आणखी काय काय खोटं ठेवत असेल... त्याने मोरीतला नळ सोडला. पाणी आलं. पण दाखवायच्या घरातल्या नळाला पाणी येतंच. गच्चीवरच्या टाकीत टँकर रिकामा केला की झालं.

"एवढा काय विचार करताय काका?" दारात संकेत उभा होता. घरं दाखवणारा एजंट, पंचविशीचा, बोलताना एक डोळा मोबाइलवर. "वन आरके आहे, पण भाडेकरू रांग लावून आहेत. तुम्हाला थोडंच राहायचंय? तुमची तर इन्व्हेस्टमेंट."

बायको, वसुंधरा, गेल्यापासून हा शब्द त्याला सगळेच ऐकवत होते. वालीवच्या कारखान्यातून निवृत्त होताना मिळालेले पैसे बँकेत पडून आहेत, कुजतायत, एक छोटं घर घे, भाडं येत राहील, मन रमेल. जसं काही मन भाड्याने रमतं. तरी तो आला होता. सकाळी एव्हरशाईन सिटीतल्या घराला कुलूप लावताना स्वतःशी म्हणाला होता, एजंट पोरगा खरा निघू दे, म्हणजे एकदाचं हे संपेल.

"या इमारतीवर बँक कर्ज देते का रे?"

"तुम्हाला कर्ज कशाला? तुमचे पैसे तर तयार आहेत."

"मला नकोय. पण बँक कागद तपासूनच देते. देते का, ते सांग."

"देईल ना. फाइल टाकलीय. प्रोसेसमध्ये आहे."

प्रोसेसमध्ये. बांधकाम परवानगीचा कागद होता तो झेरॉक्सची झेरॉक्स, शिक्क्याच्या जागी काळा डाग. मूळ कागद बिल्डर शेठकडे. शेठ गावाला. टोकनचे पैसे मात्र आजच. जितेंद्रने चपला पायात सरकवल्या. बस झालं.

"काकूंनी पण कर्जाचं हेच विचारलं होतं," संकेत म्हणाला.

"कोण काकू?"

"आपल्या काकू. तुमच्या. एव्हरशाईनहून आल्या म्हणालेल्या. मागच्या पावसाळ्यात आलेल्या ना. खाली मीटरच्या पेट्यांमागे बॅटरी मारून भिंत बघत होत्या. मी म्हटलं, काकू, काय हरवलं? तर म्हणाल्या, पुराचं पाणी कुठवर चढतं ते इथेच कळतं. बाकी सगळीकडे रंग लावतात, पेट्यांमागे कोणी लावत नाही."

ही तीच. एव्हरशाईनचं घर घ्यायच्या आधी तिने अशाच दोन इमारती बाद केल्या होत्या. बिल्डरचा माणूस हसत होता आणि ही पेटीमागे मान घालून म्हणत होती, अहो, बघा, इथवर चिखल... पण ही गोष्ट मी किती जणांना सांगितली? माणूस गेलं की आपण त्याच्या गोष्टी सांगत सुटतो. टपरीवर, बागेतल्या बाकावर, जो थांबेल त्याला. याच्या ऑफिसात चहा घेताना यालाच सांगितली नसेल कशावरून? आठवत नव्हतं. ते सगळे महिने पुसल्यासारखे झाले होते.

"मग आवडलं का तिला घर?" त्याने विचारलं.

"तसं काही बोलल्या नाहीत. खिडकीशी उभ्या राहिल्या. मग विचारलं, एका माणसाला पुरेल ना?"

"महिना कुठला होता?"

"ते कसं आठवणार काका? रोज वीस लोकांना दाखवतो मी."

जितेंद्र जिना उतरू लागला. खोटं बोलायचं असतं तर, काकूंना फार आवडलं हो, असं म्हणाला असता. ते खोटं त्याने लगेच ओळखलं असतं. हे तसं नव्हतं. हे बोचत होतं... एका माणसाला. मागच्या पावसाळ्यातच तिच्या आजाराचे रिपोर्ट आले होते. ती त्यानंतर इथे आली असेल, तर तो एक माणूस मी. पण मला तर राहायला घर आहे. भाड्याच्या घराबद्दल असं कोण विचारतं? आणि आधी आली असेल तर? मग तो एक माणूस कोण, ती स्वतः? दर बुधवारी ती विरारला बहिणीकडे जायची. जेवण झाकून ठेवायची, संध्याकाळी यायची. बरी आहे का ताई? बरी आहे. तीस वर्षांत आपण याच्यापुढे काही विचारलं नाही.

खाली मीटरच्या पेट्या होत्या. त्याने मोबाइलची बॅटरी लावून मागे बघितलं. भिंत पांढरीशुभ्र. पार आतपर्यंत, हात पोचणार नाही तिथवर ब्रश घालून रंगवलेली.

म्हणजे कोणीतरी इथे वाकून बघितलं होतं, आणि ते बिल्डरच्या लक्षात आल्यावर मग रंग लागला होता. घर घ्यायचं नाही, हे त्याला तिथेच कळलं. पण त्याच भिंतीने तिचं येणंही जवळजवळ कबूल केलं होतं. जवळजवळ.

रस्त्यापलीकडे कौलारू घराच्या ओट्यावर एक म्हातारी चिंचा फोडत बसली होती. तो समोर जाऊन उभा राहिला.

"पानी इचाराला आलेत ना?" ती मान वर न करता म्हणाली. "सगली तेच इचारतात."

"भरतं का मावशी?"

"गुडघ्यापर्यंत. तुम्हाला काय, घरात बसून मासे पकडा." ती स्वतःच हसली. मग त्याच्याकडे बघून थांबली. "आनखी काय इचारायचाय?"

ही दिवसभर इथे बसत असणार. आलंगेलं माणूस हिच्या नजरेतून सुटत नसणार. त्याने मोबाइलवर वसुंधराचा फोटो उघडला. हो किंवा नाही – एवढंच तर ती म्हणेल. त्याचा अंगठा फोटोवर तसाच राहिला, चेहरा झाकून.

"काही नाही," तो म्हणाला.

"काका!" संकेत मागून आला. "टोकनचं काय करायचं?"

"मूळ कागद वकिलाला दाखवल्याशिवाय नाही."

"म्हणजे विश्वास नाही का माझ्यावर?"

जितेंद्रने वळून त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. घामेजलेला, कंटाळलेला, साधा चेहरा. त्या चेहऱ्यावर तो खोटं शोधत होता – पैसे वाचावेत म्हणून नव्हे, ते वाचलेच होते – खोटं सापडावं, हा पोरगा अट्टल खोटारडा निघावा, म्हणजे 'एका माणसाला' असं तिने विचारलंच नव्हतं असं ठरेल, म्हणून शोधत होता. आणि तसा तो निघाला, तर त्या खिडकीशी उभी राहिलेली ती, त्याला ठाऊक नसलेला तिचा तो एक दिवस, तोही हातचा जाईल, हे कळत असूनही त्याची नजर त्या चेहऱ्यावरून हलत नव्हती...