उजेड परत यायला हवा

वालीवच्या एका कारखान्यात रस्त्यावर काम करणाऱ्यांची जाकिटं शिवली जात. केशरी कापड, त्यावर पुढून-मागून चंदेरी पट्टी. तयार माल तपासायचं काम सालोमी डाबरेकडे होतं. होळी गावातून ती रोज स्कूटरने यायची, सात वर्षं झाली होती. तिच्या सहीशिवाय खोका बंद होत नसे.

एका सोमवारी पट्टीचे नवे रोल आले. ट्यूबलाइटखाली ते जुन्यांपेक्षा जास्तच झगझगत होते. मॅनेजर सदानंद सावंत खूश होता. सालोमीने एक तुकडा कापला, गोदामात गेली आणि शटर ओढून घेतलं. जुनी आणि नवी पट्टी समोर थोडी तिरकी ठेवून ती लांब उभी राहिली. मोबाइलचा टॉर्च डोळ्याला लागून धरला. जुनी पट्टी पांढरीशुभ्र पेटली. नवी काळीच राहिली. तिच्यावर पडलेला उजेड बाजूच्या खोक्यांवर चमकत होता.

तिने सदानंदला समजावून सांगितलं. जुन्या पट्टीत काचेचे बारीक मणी असतात. उजेड मण्यात शिरताना वाकतो, मागच्या बाजूवर आपटतो आणि जिकडून आला तिकडेच परत फिरतो. म्हणून गाडीच्या दिव्यांचा उजेड गाडी चालवणाऱ्याच्याच डोळ्यांत जातो आणि त्याला पुढे माणूस आहे हे कळतं. नवी पट्टी नुसती आरशासारखी. तिरका आलेला उजेड ती पलीकडे फेकून देते.

सदानंदने ऐकून घेतलं. मग म्हणाला की गिऱ्हाईक माल दिवसाच बघणार आहे, आणि गुरुवारी माल न्यायला टेम्पो लागणार आहे. त्याने रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं.

"ही जाकिटं हायवे झाडणाऱ्या बायका घालणार आहेत, साहेब," सालोमी म्हणाली. "पहाटे अंधारात. मी सही करणार नाही."

दोन दिवस तो मागे लागला. आधी गोडीने, मग आवाज चढवून. तुझ्यासारखी बारावी सायन्स काय सगळेच करतात, असंही बोलून झालं. सालोमी जाकिटं तपासत राहिली आणि एकेक बाजूला टाकत राहिली. बुधवारी दुपारपर्यंत टेबलाशेजारी ढीग कमरेएवढा झाला. शेवटी सदानंदने कारखान्याच्या मालकांना, शेठना बोलावलं.

सालोमीने तोवर एका जाकिटाच्या उजव्या अंगाला जुनी पट्टी शिवून घेतली होती, डाव्या अंगाला नवी. ते तिने सदानंदलाच घालायला दिलं. शेठसमोर नाही कसं म्हणणार? तो गोदामाच्या टोकाला जरा तिरका उभा राहिला. शटर बंद झालं. सालोमीने टॉर्च शेठच्या हातात देऊन तो डोळ्याजवळ धरायला सांगितलं.

सदानंदचं उजवं अंग लख्ख उजळलं. डाव्या अंगाची पट्टी कुठे दिसेना.

शेठनी सदानंदला थोडं वळायला सांगितलं, परत वळायला सांगितलं. मग शटर उघडून बाहेर आले आणि रोल परत पाठवायला सांगितले. जुनी पट्टी येईपर्यंत टेम्पो लागणार नव्हता.

जाताना मात्र ते सालोमीकडे न बघता म्हणाले की उद्यापासून तिने शिलाईचे सुटे धागे कापायला बसावं. तपासणी दुसरं कोणी करेल.

शिलाईच्या मशीन थांबल्या होत्या, सगळ्या बायका बघत होत्या.

"लिहून द्या, शेठ," ती म्हणाली. "कशासाठी काढलं, तेपण लिहा."

शेठ गाडीत जाऊन बसले.

गुरुवारी ती नेहमीच्या वेळेला आली आणि तपासणीच्या टेबलावरच बसली. सदानंद दोनदा जवळून गेला. अकरा वाजेपर्यंत शेठचा कोणताच कागद आला नाही, तेव्हा तिने हाक मारून पट्टी लागायची बाकी असलेली जाकिटं शिलाई तपासायला मागवून घेतली.