पासंग

"हात लावू नका. काटा थांबू दे," काटेवाला म्हणाला, आणि काटा थांबायच्या आतच त्यानं स्वतः तोंड उघडलं. "काय हो, तुमच्या थोरल्याला टेकडीवरच्या शाळेत घातलंत, ते बरं झालं की फसलात?"

किराणा दुकानदार गल्ल्यामागे उभा होता. तो फुशारला. "फसलो कसला! सोनं झालं पोराचं. फाडफाड बोलतो. परवा चारचौघांत माझ्याच चुका काढल्या त्यानं."

"वाचतो का पण?"

"वाचत असेल की. एवढी फी घेतात, ती काय झोपा काढायला?"

"म्हणजे तुम्ही पाहिलं नाही कधी."

"तुम्ही तराजू बघा हो!" दुकानदार म्हणाला.

काटेवाल्यानं तराजू बघितला. अठरा वर्षं तो हेच करत होता. गावातल्या दुकानांचे तराजू, गोदामातले वजनकाटे, दवाखान्यात बाळं तोलायचे काटे, सगळं त्याच्याच हातून दुरुस्त व्हायचं. त्याचं खरं नाव बायकोलाही आठवून सांगावं लागलं असतं. त्याची एक सवय होती. कुठलाही तराजू पुढ्यात आला, की आधी दोन्ही पारडी रिकामी ठेवून बघायची. रिकामी असूनही एक पारडं खाली झुकलं, तर त्या झुकण्याला पासंग म्हणतात. तो काढल्याशिवाय त्या तराजूवर जे जे तोलाल ते सगळं खोटं, मग माल देव का तोलेना.

आणि सोमवारपासून त्याच्या लक्षात आलं होतं, की गावात बिनपासंगाचं एक माणूस उरलेलं नाही.

झालं होतं असं, की त्याच्या मुलीसाठी, चिमीसाठी, टेकडीवरच्या खाजगी शाळेत बायकोनं वर्षापूर्वी अर्ज भरून ठेवला होता. चिमी नाक्यावरच्या सरकारी शाळेत चौथीत होती. अर्ज सगळे विसरले. आणि आता भर वर्षात तिकडून पत्र आलं : चौथीत एक जागा रिकामी झाली आहे, शनिवारी दुपारपर्यंत कळवा. फी जड होती, पण ओढूनताणून जमली असती. पंचाईत तीच झाली. न जमती तर प्रश्नच मिटला असता, आणि दोघांनी मिळून गरिबीला शिव्या देऊन झोप काढली असती.

मग तो जाईल तिथे विचारत सुटला. ज्यांनी पोरं टेकडीवर घातली होती ते म्हणायचे, स्वर्ग आहे स्वर्ग. कसे नाही म्हणतील? पैसे मोजून वर मूर्ख कोण ठरवून घेईल? ज्यांनी नाही घातली ते म्हणायचे, नुसता दिखावा हो, आमचं पोर बघा कसं हुशार. कापडवाल्यानं तर दोन मुलं दोन शाळांत घातली होती. काटेवाला मोठ्या आशेनं त्याच्याकडे गेला. कापडवाला म्हणाला, "दोघंही ऐकत नाहीत." इतकं खरं उत्तर आठवड्यात दुसरं मिळालं नाही, पण त्याचा उपयोग काय?

घरी आल्यावर तो बसेना. न गळणारा नळ त्यानं उघडून पुन्हा बसवला, तेव्हापासून तो गळायला लागला.

"अहो, एका जागी बसा बघू," बायको म्हणाली. "बघणाऱ्याला चक्कर येते."

"विचार करतोय."

"तीन दिवस करताय. विचाराचा नुसता भुगा झाला."

"मी नाक्यावरच्याच शाळेत शिकलो. तूही तिथलीच. काय वाईट झालं गं आपलं?"

बायको भांडी पुसत होती. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती, मागच्या खोलीत काचेच्या नळ्या धुवायला. तिनं फडकं खाली ठेवलं.

"वाईट नाही झालं. काहीच झालं नाही," ती म्हणाली. "बारा वर्षं मागच्या खोलीत आहे मी. पुढे काउंटरवर पोरी येतात, दोन महिन्यांत सगळं शिकतात, डॉक्टरांशी मान वर करून बोलतात. मला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं हो. कुठला नमुना खराब झालाय ते मी नुसत्या रंगावरून सांगते. पण डॉक्टर आत आले की माझी जीभ टाळ्याला चिकटते. कुणी कधी बोलायला उभंच केलं नाही मला. आपल्या शाळेत गप्प बसणाऱ्या मुलीला शहाणी म्हणायचे. मी फार शहाणी होते."

 काटेवाल्याला एकदम तिची फार माया आली, आणि ती दाखवायची कशी हे न कळल्यामुळे तो पुन्हा नळाकडे गेला.

"त्याला हात लावाल तर बघा!" बायको ओरडली.

कोपऱ्यात चिमी गणितं सोडवत होती. ती मान वर न करता म्हणाली, "बाबा, तुम्ही मघाशी भातात मीठ दोनदा घातलंत आणि खाल्लंतसुद्धा."

"तुला काय वाटतं गं चिमे? कुठली शाळा?" त्यानं विचारलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच.

"मला काय विचारता? मी एकच बघितली आहे," चिमी म्हणाली.

गुरुवारी तो टेकडीवर गेला. आरोग्य खोलीतला वजनकाटा तपासायला आलो, असं सांगितल्यावर पहारेकऱ्यानं आत सोडलं. आपल्याला खोट काढायची आहे, हे त्याला मनातून ठाऊक होतं. खोट निघाली असती तर सुटला असता. पण खिडक्यांना काचा होत्या, नळांना पाणी होतं, आणि पुस्तकांची खोली उघडी होती, तिच्यात मुलंही होती. चिमीच्याच वयाची एक मुलगी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"काका, या पेटीत काय आहे?"

"वजनं आहेत. पितळेची."

"मग फडक्यानं का धरता?"

"हाताचा घाम लागला की वजन बदलतं."

"घामाला वजन असतं?" तिनं डोळे मोठे केले. "किती?"

मागून शिक्षिका आल्या. त्यांनी मुलीच्या छातीवरची पट्टी वाचली, मग तिला नावानं हाक मारून वर्गात पाठवलं. नाव वाचून घ्यावं लागलं, हे काटेवाल्यानं बरोबर टिपलं. पण ती पोर ज्या धिटाईनं विचारत होती, ती त्याच्या डोळ्यांसमोरून जाईना. त्याच्या बायकोनं उभ्या आयुष्यात डॉक्टरांना असं एकदा विचारलं असतं तर!

उतरताना त्याचं मन पुन्हा दुसरीकडे झुकलं. नाक्यावरच्या शाळेतल्या बाईंना वर्गातल्या प्रत्येक पोराचं घर माहीत होतं. चिमीला ताप आला तेव्हा बाई गृहपाठ घेऊन घरी आल्या होत्या, आणि ताप बघून गृहपाठ परत घेऊन गेल्या होत्या. अशा बाईंना सोडायचं?

शेवटी शुक्रवारी तो त्यांच्याकडेच गेला. जाताना त्यानं हिशेब बांधला होता. बाई काय म्हणणार? इथंच ठेवा म्हणणार. आपल्या शाळेला कोण नावं ठेवील? तेव्हा त्यांनी शंभर सांगितलं की ऐंशी धरायचं, आणि त्या ऐंशीतही मन भरलं, तर चिमी इथंच. असा सरळ मामला होता.

शाळा सुटली होती. बाई एकट्याच वह्या तपासत बसल्या होत्या. बाक इतका छोटा होता, की काटेवाल्याचे गुडघे हनुवटीला लागले.

"बाई, टेकडीवरून पत्र आलंय. चिमीला तिकडे घालू का इथंच ठेवू? खरं सांगा."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "धीर द्यायला सांगू, की खरं सांगू?"

"खरंच."

"माझा मुलगा तिथेच आहे. पहिलीपासून."

काटेवाला दचकून उठायला गेला आणि गुडघे बाकात अडकून पुन्हा बसला.

"मी शिकवते हो जीव तोडून," बाई म्हणाल्या. "पण मी असते किती? घरांची मोजणी निघाली की मी जाते. मतदारांच्या याद्या मी करते. गेल्या महिन्यात अकरा दिवस तुमची चिमी तिसरीच्या मुलांना पाढे म्हणून दाखवत बसली होती, कारण दोन्ही वर्ग एका खोलीत होते आणि मोठं माणूस एकही नव्हतं. ती तुम्हाला घरी बोलली नसेल. तिला वाटलं, ही गंमत आहे."

"नाही बोलली."

"पोर हुशार आहे. शिकवायच्या वेळी शिकवणारं माणूस समोर असलं की पुष्कळ पुढे जाईल. तिथे ते असतं. न्या तिला."

"पण तिथल्या बाई नाव पट्टीवर वाचतात," तो हट्टानं म्हणाला.

"महिन्याभरात पाठ होईल त्यांना. चिमी विसरू देणारी नाही."

तो उठला तेव्हा त्याचे पाय हलके झाले होते. ज्या पारड्यात बाईंचा स्वतःचा भार होता, त्याच्या उलट बाजूला त्यांनी माप टाकलं होतं. यात वजा काय करणार? घरी जाऊन त्यानं बायकोला सांगितलं, "ठरलं." बायको रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो एका जागी बसला आणि तिचं रडणं संपेपर्यंत उठला नाही. शनिवारी सकाळी दोघांनी जाऊन होकार कळवला.

सोमवारी तो शाळा सोडल्याचा दाखला आणायला निघाला. चिमी दप्तर घेऊन तयार होती.

"अगं, आज नुसता दाखला आणायचाय."

"म्हणून काय झालं? आज शाळा आहे ना?"

शाळेच्या दारात शिपाई पाण्याचं पिंप धूत होता. चिमी धावत वर्गात गेली. शिपायानं काटेवाल्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"नेताय म्हणे पोरीला."

"हो. तिकडे जागा मिळाली."

"चांगलंय की. मिळतंय त्यानं न्यावं." शिपायानं पिंप उपडं केलं. "आता एकोणीस राहिले. महिनाअखेर पट मोजायला येतात. वीसच्या खाली गेलं की वर्ग तिसरीत मिसळायचा. बाईंची बदली पक्की. ती तीन तासांवरची शाळा आहे बघा, तिथं."

"बाईंना माहीत आहे हे?"

"त्यांना माहीत नाही तर कुणाला? पट त्याच लिहितात."

 शुक्रवारची ती रिकामी खोली, त्या वह्या, ते टोपण लावलेलं पेन. अठरा वर्षं लोकांच्या तराजूंतला पासंग काढणाऱ्या माणसानं बाईंच्या पारड्यात काय आहे ते बघितलंच नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली. तो जवळजवळ पळतच वर्गाच्या दाराशी गेला.

बाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात दाखला तयार होता, सुवाच्य अक्षरात, शाई वाळलेली. म्हणजे चिमीनं वर्गात सांगितल्याबरोबर, शनिवारीच लिहिला असणार.

"बाई, राहू दे तो दाखला," काटेवाला म्हणाला. "महिनाभर तरी राहू दे. मी तिकडे जाऊन सांगतो, पाया पडतो त्यांच्या."

"शिपायानं सांगितलं वाटतं."

"तुम्ही का नाही सांगितलंत?"

"तुम्ही मुलीचं विचारलंत," बाई म्हणाल्या. "माझं कुठे विचारलंत?"

"अहो, पण..."

"चिमीचे बाबा, एका पोरीच्या आधारानं वर्ग किती दिवस उभा राहणार? पुढच्या महिन्यात आणखी कुणी जाईल. त्यालाही मी हेच सांगेन." त्यांनी दाखला त्याच्या हातात दिला आणि घाईघाईनं पदर सारखा केला. "घ्या. घडी घालू नका, तिकडे चालत नाही. आणि आजचा दिवस बसू दे तिला. आली आहे तर."

दाखला दोन्ही हातांत धरून तो दारातच उभा राहिला. 

आत वर्ग भरला होता. चिमी फळ्यापाशी उभी होती. रोज सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात पटावरची संख्या आणि हजर मुलांची संख्या लिहायचं काम तिच्याकडे होतं, हे त्याला आत्ता कळत होतं. कोपऱ्यात शनिवारचा आकडा होता. पट, वीस.

चिमीनं तो फडक्यानं पुसला. कुणी सांगितलं नव्हतं. टाचा उंचावून तिनं तिथे एकोणीस लिहिलं, नीट, मागच्या बाकापर्यंत दिसेल असं. मग खाली हजर मुलं लिहायला गेली आणि थांबली. तिनं बाकांवरून बोट फिरवत मुलं मोजली. पुन्हा मोजली. खडू हातात धरून ती वळली.

"बाई, आज मी हजर आहे ना?"

 वर्ग बाईंकडे बघत होता.

"आहेस," त्या म्हणाल्या.

चिमीनं लिहिलं, हजर, वीस. पटावर एकोणीस आणि हजर वीस. खडू ठेवून ती आपल्या जागेवर जाऊन बसली. शेजारची मुलगी हसून म्हणाली, "ए, चुकलं की!"

बाईंनी फळ्याकडे पाहिलं. फडकं त्यांच्या हाताशीच होतं.

"बरोबर आहे ते," त्या म्हणाल्या. "चला, पुस्तकं काढा."