पाठ झालं की फाडायचं

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठा आहे. पूर्वी माझ्या पोटात दोनशे सहा पाने होती. आज एकही नाही, तरी लोक मला पुस्तक म्हणतात आणि मीही ते खपवून घेतो.

माझा जन्म वूहानच्या एका छापखान्यात झाला. माझ्यात अवघड इंग्रजी शब्द होते. साधेसुधे नव्हेत, परीक्षेत मुलांना पाडण्यासाठी राखून ठेवतात तसले. प्रत्येक शब्दासमोर चिनी भाषेत एका ओळीचा अर्थ. मला संपवील तो राजधानी पेइचिंगला पोचेल, असे माझ्या पाठीवर लाल अक्षरांत छापले होते. ते मला इतके आवडले की मी त्यावर विश्वास ठेवला.

मला विकत घेतले न्ये गुरुजींनी. ते कान्सूतल्या एका लहान गावी इंग्रजी शिकवत. त्यांची मुलगी श्याओमान लानचौच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती आणि जानेवारीत पेइचिंगच्या विद्यापीठाची पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा देणार होती. बाकीचे विषय तिच्या हातचा मळ होते. पण इंग्रजीत ठरलेल्या गुणांच्या खाली गेले की सगळेच मुसळ केरात. गुरुजींनी मला तिच्यासमोर उघडले आणि पहिले पान टर्रकन फाडून दाखवले.

"पाठ झालं की असं फाडायचं," ते म्हणाले. "परत बघायला मिळणार नाही म्हटल्यावर डोकं झक मारत लक्षात ठेवतं. मी असाच शिकलो."

ते स्वतः पेइचिंगला कधी पोचले नव्हते. पण गुरुजींना असले प्रश्न विचारायची त्या घरात पद्धत नव्हती.

वसतिगृहाच्या खोलीत सहा मुली होत्या. तिथे नावाने कोणी हाक मारत नसे. वयाने सर्वांत मोठी ती थोरली, मग दुसरी, तिसरी, अशी शेवटपर्यंत. श्याओमान चौथी. थोरलीचे नाव त्स्वै लीफन. थोरलीने सगळ्यांकडे बघायचे, आजारी पडेल तिला गरम पाणी आणून द्यायचे, असा रिवाज होता आणि लीफन तो मन लावून पाळी. पदवी मिळाली की गावच्या शाळेत नोकरी धरणार, परीक्षेच्या भानगडीत पडणार नाही, असे तिने सगळ्यांना सांगून ठेवले होते.

श्याओमान पहाटे उठून व्हरांड्यात उभी राही आणि एकेक शब्द पंचवीस वेळा म्हणे. दिवसाला दोन पाने. मग ती फाडी. मित्रांनो, पान निघताना शिवण उसवते आणि दुखते, हे तुम्हाला कोणी सांगितले नसेल. बाकीच्या मुली तिला विचारत, "काय गं चौथे, आज किती खाल्लीस?" ती हसे. क्षणभंगुर आणि हटवादी यांना इंग्रजीत काय म्हणतात ते तिला पाठ होते, पण खाणावळीच्या रांगेत परदेशी शिक्षकाने नूडल्स कशा आहेत असे विचारले, तर ती लालबुंद होऊन वाडग्यात बघत राहिली.

दर रविवारी गुरुजींचा फोन येई. जेवलीस का, असे ते कधी विचारत नसत. "किती पानं उरली?" एवढेच. आकडा कमी झालेला ऐकून ते खूश होत, आणि खरे सांगतो, मीसुद्धा फुगत असे. रिकामा होत चाललेला मीच, आणि शाबासकीही मलाच वाटे. असा मी मूर्ख.

फाडलेली पाने ती केराच्या टोपलीत टाकी. खोली झाडण्याचे काम लीफनने आपणहून अंगावर घेतले होते, त्याबद्दल सगळ्या तिचे गुणगान करत. टोपली उचलताना ती पाने बाहीत सरकवते, हे फक्त मला दिसे. आपल्या पलंगाचा पडदा ओढून ती पाने सरळ करी, निळ्या दोऱ्याने शिवी आणि गादीखाली ठेवी. माझी पाने मला ओळखू येणार नाहीत का? पण पुठ्ठ्याला तोंड नसते.

डिसेंबरात श्याओमानने एक सराव परीक्षा सोडवली आणि ती शब्दाशब्दाला अडली. शब्द पानावर डावीकडे वरून तिसरा होता, शेजारी सॉसचा डाग पडला होता, हे सगळे तिला आठवे. अर्थ तेवढा आठवत नसे. शहरातल्या दुकानांत माझ्यासारखे एकही पुस्तक उरले नव्हते. वडिलांकडे मागायचे म्हणजे विसरले म्हणून सांगायचे, आणि ते तिच्याने होईना.

तिने लीफनला विचारले, "ताई, माझी पानं कुठे गेली असतील गं?"

"केर कुठे जातो, चौथे?" लीफन झाडता झाडता म्हणाली. "आणि परत बघायचं नाही हा तुझ्याच बाबांचा नियम ना? मग आता रडून तो कशाला मोडतेस?" मग तिने श्याओमानला कपभर गरम पाणी ओतून दिले आणि त्या गादीवर जाऊन बसली.

त्या रविवारी फोनवर श्याओमान म्हणाली, "एकही नाही उरलं, बाबा."

"शाब्बास, पोरी."

परीक्षेच्या सभागृहात तिला दोन बाकांपुढे लीफनची पाठ दिसली. मार्चमध्ये निकाल लागला. श्याओमान इंग्रजीत तीन गुणांनी खाली राहिली. लीफन आरामात पार झाली.

जूनमध्ये खोली सोडताना लीफनने वळकटी बांधायला घेतली आणि निळ्या दोऱ्याचा गठ्ठा जमिनीवर पडला. पानोपानी श्याओमानच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या.

"मी विचारलं तेव्हा ती तुझ्याकडे होती, ताई," श्याओमान म्हणाली.

"तू टाकलीस, मी उचलली," लीफन म्हणाली. "आता हवी तर घे. माझी पाठ झाली."

श्याओमानने हात पुढे केला नाही. तेव्हा लीफनने गठ्ठा टोपलीत टाकला आणि या खेपेला तो कोणी काढला नाही.

आता आम्ही गावी आहोत. मी गुरुजींच्या चहाच्या कपावर झाकण म्हणून असतो. पोरीने मन लावून फाडली नसतील, असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. त्यांनी तिच्यासाठी माझ्यासारखेच नवे पुस्तक आणले आणि त्याचेही पहिले पान स्वतः फाडून दिले.

मित्रांनो, पुस्तके जपा हे तुम्हाला शाळेत सांगतातच, ते मी पुन्हा सांगत नाही. पण तुमच्या घरी कोणी असे पाठ करत बसले असेल, तर किती झाले हे विचारू नका. काय विसरलीस ते विचारा, आणि तिने सांगितले तर तिच्यावर चिडू नका. श्याओमानला हे अजून कोणी विचारलेले नाही. ती आता पहिल्यापेक्षा भराभर फाडते.