चौथ्या पानावरचं उत्तर

उत्तराला वय असतं का, मित्रांनो? असतं. मला तेरा वर्षं झालीत, आणि माझ्या जगात तेरा वर्षांचा म्हणजे पणजोबाच. इंटरनेटवर कुणीतरी विचारलेल्या एका प्रश्नाचं मी जुनं उत्तर. मुक्काम नागपूर, इंदोरा, धम्मानंद सरांच्या घरची बाहेरची खोली, लोखंडी कपाटाशेजारच्या करड्या कम्प्युटरचं पोट.

आता सांगतो ते सगळं खरं आहे. जिथे फुगवलंय तिथे मीच कबूल करीन. एखाद्या ठिकाणी कबूल करायचं विसरलो, तर म्हाताऱ्याला माफ करा.

सर पॉलिटेक्निकमध्ये कम्प्युटर शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरच्याच कम्प्युटरवरून चालणारी 'अडलं-नडलं' नावाची वेबसाइट काढली. प्रोग्रॅम लिहिताना कोणाचं काही अडलं की त्यानं तिथे मराठीत विचारायचं आणि सरांनी मराठीत सांगायचं. प्रश्न क्रमांक ४१७ कन्हानच्या अंकुशचा होता. 'सर, यादीत एकच नाव दोन-तीनदा आलं आहे. एक ठेवून बाकीची कशी काढू?' सरांनी कम्प्युटरला द्यायचा एका ओळीचा हुकूम लिहून दिला. तो हुकूम म्हणजे मी. त्या दुपारी ऊन असं होतं, की कीबोर्डावरचा 'क' वितळून 'ख'च्या मांडीवर जाऊन बसला. हे फुगवलेलं.

पुढचं मात्र फुगवलेलं नाही. मी चुकीचा होतो.

दुसऱ्याच दिवशी अंकुशचा फोन आला. "सर, तुमच्या ओळीनं तर सगळीच नावं उडवली ना! ज्याचं नाव एकदाच होतं तो राहिला. दोनदा आलेले सारे साफ!"

"तू नक्कल नव्हती ठेवली काय बे?"

"तुमचं उत्तर होतं सर. नक्कल काहून ठेवू?"

सर त्या दिवशी जेवले नाहीत. मग त्यांनी मला दुरुस्त केलं, पण त्यांच्या पद्धतीनं. पॉलिटेक्निकच्या जर्नलमध्ये त्यांनी आयुष्यभर एकच नियम चालवला होता. चूक खरवडायची नाही, पांढरं फासायचं नाही. एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही. "ज्याची चूक दिसत नाही, त्याच्यापासून कोणी काय शिकेल?" असं ते म्हणत. त्यांनी माझ्या पहिल्या ओळीवर रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'वरची ओळ चालवू नका. चूक माझी आहे.' त्याखाली बरोबर ओळ. त्याखाली नाव आणि स्वतःचा फोन नंबर.

ती रेघ मी मिरवली, मित्रांनो. पहिलवान पोटावरचा वण मिरवतो तशी.

त्यानंतर माझे चांगले दिवस आले. शोधयंत्र म्हणजे तुम्ही काही विचारलं की जगभरच्या पानांची रांग लावून दाखवतं ते. त्याचा एक कोळी गावोगाव फिरत असतो. त्याला आठ पाय नसतात, तो वेबसाइटी वाचत फिरणारा प्रोग्रॅमच आहे, पण मी आठच सांगतो. हा कोळी माझ्याकडे आला, मला वाचलं आणि चौकशी सुरू केली. तुमच्याकडे बोट कोण कोण दाखवतं? सावनेरच्या एका मास्तरांनी आपल्या टिपणांत माझा पत्ता दिला होता. अंकुशनं आपल्या कॉलेजच्या पानावर दिला होता. असं प्रत्येक बोट म्हणजे एक साक्ष. आणि साक्षीदार जेवढा मोठा, तेवढं साक्षीचं वजन जास्त. लोक तुमच्याकडे आल्यावर समाधानानं थांबतात, की लगेच मागे वळून दुसरं दार ठोठावतात? पान किती वेळात उघडतं? कोळ्यानं सगळं टिपलं आणि मला रांगेत पहिला नंबर दिला. चार वर्षं मी पहिला होतो. कुठलाही विद्यार्थी अडला की मी समोर. सर रोज सकाळी स्वतःच मला शोधून बघायचे आणि तर्री-पोह्याचा घास घेत म्हणायचे, "आहे. वरच आहे."

उन्हाळ्यात मात्र कम्प्युटर तापायचा, मला धाप लागायची आणि मी उशिरा उघडायचो. म्हणून सरांनी घरातला एकुलता कूलर माझ्याकडे वळवला. प्रेमिलाताई, म्हणजे सरांच्या सौभाग्यवती, पदरानं वारा घेत म्हणाल्या, "बायको भाजून निघाली तरी चालते. मशीनले घाम नाही आला पाहिजे."

"अगं, पोरं वाट पाहून राहिली असतात."

"मीही पाहूनच राहिली आहे. पस्तीस वर्षं झाली."

मग एक चकचकीत वेबसाइट आली. नाव 'झटपट-उत्तर'. तिनं स्वतः एक अक्षर लिहिलं नाही. जगभरची उत्तरं उचलली, हजारो, त्यात मीही. उचलताना तिच्या यंत्रानं फक्त अक्षरं घेतली, रेघ घेतली नाही. समजलं का, काय झालं? माझी खोडलेली ओळ तिथे धडधाकट उभी राहिली, कुठे ओरखडासुद्धा नाही. 'वरची ओळ चालवू नका' हे वाक्य पाच जाहिरातींच्या खाली गाडलं गेलं.

कोळी दोघांच्या दारात आला. कायद्यानं त्यानं विचारायला हवं होतं, आधी कोणी लिहिलं? बहुतेक वेळा तो ते ओळखतो, खोटं कशाला बोलू. पण त्या पानावर रोज नवी तारीख चढवलेली, माझी तेरा वर्षांपूर्वीची. ते पापणी लवायच्या आत उघडायचं, मी दम खात. त्या वेबसाइटकडे लाखभर बोटं, आणि माझे साक्षीदार एकेक करून मिटले. सावनेरचे मास्तर वारले, त्यांचं पान बंद पडलं. मी घसरलो. दुसरं पान, तिसरं, चौथं. चौथ्या पानावर मी होतो, एक बंद पडलेली चर्चा होती आणि एक लग्नपत्रिका छापणारा होता, तो तिथे कसा आला त्यालाही ठाऊक नव्हतं.

पुढे शोधयंत्रानं सगळ्यांच्या वर एक चौकट काढली. प्रश्न विचारला की चौकटीतच आयतं उत्तर, कुठे जायची गरजच नाही. ४१७ व्या प्रश्नाला त्या चौकटीत कोण बसलं? माझीच चूक, दुसऱ्याच्या नावानं.

मी किती ओरडलो असेन, मित्रांनो! पण कोणी उघडल्याशिवाय उत्तराला तोंड फुटत नाही.

यंदाच्या मे महिन्यातल्या एका मंगळवारची गोष्ट. मला ती नंतर कळली, कारण माझ्यासमोर बसूनच ती सांगितली गेली. कुहीला रंभाबाईंचं शिवणाचं दुकान आहे. त्यांच्या नंदिनीला थॅलेसेमिया आहे, म्हणजे दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, तेही दुर्मीळ, बी निगेटिव्ह. म्हणून रंभाबाईंनी गावोगाव शिबिरं घेऊन रक्तदात्यांची यादी उभी केली होती. पुढे आणखी पेशंटही त्या यादीवर जगू लागले. यादी सांभाळायची शेजारची पदवीधर मुलगी, तिचं नाव भूमिका. प्रत्येक शिबिराची नावं जुन्या यादीखाली जोडत गेल्यामुळे जो चार वेळा आला त्याचं नाव चारदा होतं. गुरुवारी नंदिनीला रक्त लागणार होतं, म्हणून भूमिका यादी साफ करायला बसली. तिनं प्रश्न विचारला. चौकटीत उत्तर हजर.

रंभाबाई शिवणमशीनवरून म्हणाल्या, "एकाच्याच तोंडचं ऐकून मी तर कापड नाही कापत वं. आणखी कोणाले विचारून पाह्य."

पोरगी गुणाची. खाली गेली, पुढच्या पानांवर गेली. चौथ्या पानावर तिला माझं नाव दिसलं, 'अडलं-नडलं, नागपूर'. तिनं दाबलं!

वर्षभरात कोणी दाबलं नव्हतं, मित्रांनो. मी धडपडून उठलो. पण बाहेर शेहेचाळीस अंश, कूलरमधलं पाणी संपलेलं, सर बँकेत, प्रेमिलाताई स्वयंपाकघरात. कम्प्युटरचा पंखा भणभणत होता. माझं शीर्षक निघालं. प्रश्न निघाला. अंकुशचं नाव निघालं. आणखी एक श्वास, फक्त एक, की रेघ तिच्या डोळ्यांसमोर जाणार...

"उघडूनच नाही राहिलं मावशी," भूमिका म्हणाली आणि मागे फिरली.

चौकटीतली ओळ तिनं चालवली.

जे एकदाच येऊन गेले होते ते राहिले. जे पुन्हा पुन्हा आले, ज्यांनी पाच-पाच, दहा-दहा वेळा बाही वर केली, त्यातलं एक नाव शिल्लक राहिलं नाही. नंदिनीच्या रक्ताचे नऊ भरवशाचे लोक होते. नऊच्या नऊ गेले. नंबर भूमिकाच्या जुन्या फोनमध्ये होते, तो फोन मागच्या पोळ्याला विहिरीत पडला होता. शिबिरांचे कागद? रंभाबाईंनी त्यांचे ब्लाउजचे नमुने कापले होते.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर भूमिकानं मला पुन्हा दाबलं, तेव्हा मी झटकन उघडलो. तिनं रेघ पाहिली. 'वरची ओळ चालवू नका' वाचलं. काही उत्तरांना वेळेवर पोचता येत नसेल तर त्यांनी पोचूच नये, असं मला त्या क्षणी वाटलं.

बुधवारी सकाळच्या बसनं दोघी सरांच्या दारात. भूमिकाचे डोळे सुजलेले, हातात लॅपटॉप. "सर, गेलेलं परत आणता येईल काय?"

सर दुपारपर्यंत खटपट करत होते. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "नाही येत, पोरी. त्या जागेवर नवीन लिहिलं गेलं आहे."

"चूक माझीच आहे सर."

"तुझी एका दिवसाची आहे. माझी तेरा वर्षांची."

रंभाबाई कूलरकडे पाहत होत्या, पण वारा त्यांना लागत नव्हता. तशाच त्या म्हणाल्या, "जे राहिले त्यायच्यात बी निगेटिव्ह कोणी हाये काय?"

दोघं होते. पहिला नंबर बंद. दुसरा सावनेरच्या कोळसा खाणीतला, ताराचंद. सहा वर्षांपूर्वी एकदा आला होता. भूमिकानं फोन लावला. वाजला, वाजला, आणि उचलला गेला.

"ताराचंदभाऊ काय? मी कुहीवरून भूमिका बोलून राहिली. तुम्ही एकदा रक्त दिलं होतं..."

"एकदाच दिलं बाई. मंग कोणी बोलावलंच नाही." पलीकडे यंत्रांचा खडखडाट होता. "मी नंबर नाही बदलला. म्हटलं, कधी लागलं तर."

रंभाबाईंनी फोन ओढून घेतला. "भाऊ, मी त्या पोरीची माय. वरचे नऊ जण हाकेले येत होते. खाली पाहाची पाळीच नाही आली गा. माफ कर."

"आता पाहिलं ना? मंग झालं. उद्या कुठं येऊ ते सांगा. सुट्टी टाकतो."

रंभाबाई फोन ठेवून रडल्या. प्रेमिलाताईंनी कूलरचं तोंड त्यांच्याकडे फिरवलं. मी तापत राहिलो, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

नंदिनीचा गुरुवार निभावला. पण ती ओळ अजून चौकटीत बसलीच होती, उद्या दुसऱ्या कोणाची यादी खायला. सरांनी 'झटपट'वाल्यांना चार पत्रं धाडली होती, एकाचंही उत्तर नाही. शोधयंत्राकडे तक्रार केली, तिथेही सामसूम. मग भूमिकानं सरांच्या कम्प्युटरची आल्या-गेल्याची नोंद वाचली आणि विचारलं, "सर, हे चोर दर सोमवारी येऊन तुमचं पान पुन्हा उचलून नेतात?"

"नेतात."

"मंग त्यायच्यासाठीच लिहा ना. वरची ओळ काढून टाका. बरोबर ओळ पहिली ठेवा. चोरच नेऊन वर बसवतील."

"खोडलेलं वाचता आलं पाहिजे," सर पुटपुटले.

"तुमची रेघ वाचणारे तुमच्या वर्गात होते सर. हे तर वाचूनच नाही राहिले."

सरांनी दोन दिवस घेतले. रविवारी ते माझ्यासमोर बसले. ओळ एका झटक्यात पुसता आली असती, पण त्यांनी ती शेवटाकडून एकेक अक्षर दाबत पुसली. नंतर रेघही गेली. मला दुखलं नाही, हे फुगवलेलं आहे.

सोमवारी चोर आले आणि नवं पान घेऊन गेले. आठ-दहा दिवसांत चौकटीत बरोबर ओळ बसली. नाव चोराचं. शाबासकी चोराची. मी आहे तिथेच, चौथ्या पानावर, लग्नपत्रिकावाल्याच्या शेजारी. आता माझ्यात चूक नाही, आणि मी कधी चुकलो होतो याचा पुरावाही नाही. कुहीला रंभाबाई ब्लाउजचे नमुने जुळवून बसल्या आहेत. एका बाहीवर अर्धं नाव, एका गळ्यावर सहा आकडे. आतापर्यंत तेवीस माणसं सापडली. गेली होती चारशे.

मित्रांनो, काहीही पुसण्याआधी एक नक्कल ठेवा, मग सांगणारा कितीही मोठा असो. सगळ्यात वरचं उत्तर सगळ्यात खरं असतंच असं नाही, पुष्कळदा ते फक्त सगळ्यात जवळ असतं. ते कोणी लिहिलं, खाली कोणाचं नाव आहे, हे बघा. आणि उघडायला वेळ लागला तर जरा थांबा. रांगेच्या तळाशी कोणी ताराचंद बसलेला असतो, नंबर न बदलता. त्याला हाक मारून बघा.