बिनमाईकचा हेडसेट

कॉम्प्युटरवर गेम खेळायला एक स्वस्त आणि मस्त हेडसेट हवा होता, एवढंच. पण अशी मागणी घेऊन दुकानात शिरलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार आधी महागडंच काहीतरी दाखवतो, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे.

"हा बघा ताई, याला दोन्ही बाजूंनी दिवे लागतात."

"दिवे तिच्या कानावर लागणार," आई म्हणाली, "मग तिला ते दिसणार कसे?"

दुकानदाराने मुकाट्याने तो खोका परत ठेवला. समोरच्या बाईला गुंडाळता येणार नाही, हे त्याने ओळखलं. ही आई रुग्णवाहिकेच्या मदतकक्षात फोन घ्यायची. पाळीभर कानावर हेडसेट चढवून ती घाबरलेल्या माणसांशी बोलायची. तिने एकेक नग हातात घेतला. कानाच्या गाद्या दाबून पाहिल्या, पट्टी ताणून सोडली, वायर जिथे तुटते तिथे अंगठ्याने वाकवून बघितली. जो बरा वाटला तो डोक्याला लावून तशीच गप्पा मारत उभी राहिली, कारण कानशिलं दुखतात की नाही ते लगेच कळत नाही. मग माईक तोंडासमोर ओढला, दुकानातला पंखा मोठा करायला लावला आणि बोलून पाहिलं.

"हा चांगला आहे. जवळचा आवाज घेतो, मागची गडबड फारशी घेत नाही. किंमतही आपल्या बेताची आहे."

"आई, मला माईकवाला नको," मुलगी म्हणाली.

घरात हिला टिल्ली म्हणत. आता कॉलेजात गेली होती आणि आईपेक्षा उंच झाली होती, तरी टिल्लीच.

"अगं, सगळे मिळून खेळता ना? मग एकमेकांशी बोलणार कसे?"

"मी नाही बोलत. ते बघ, ते नुसते हेडफोनच आहेत. तेवढे पुरे."

"किमतीत फारसा फरक नाही गं."

"आई, नको म्हटलं ना!"

आवाज एवढा चढला की दुकानदार खालमानेने पावतीपुस्तक शोधू लागला. आईला वाटलं, पोरीला आपल्या पैशांची काळजी वाटतेय. तिने माईकवालाच बांधून घेतला. आयांचं हे असं असतं. लेकरू नको म्हणालं की त्यांना ते संकोचाने म्हणतंय असंच वाटतं. घरी येईपर्यंत टिल्लीने त्या पिशवीला हातही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी टेबल पुसताना आईने नवा हेडसेट उचलला आणि तिला नवल वाटलं. माईकच्या तोंडावर रुमालाची चिंधी घट्ट गुंडाळून वरून चिकटपट्टी मारलेली होती. बंद करायचं बटण वायरवरच होतं, तरीही.

त्यानंतर आईला एकेक गोष्ट दिसू लागली. उकाड्याने जीव जात असताना टिल्ली दुपारी खिडक्या लावून बसायची. दाराची बेल वाजली की आधी भोकातून बघायची, आणि कुरिअरवाला असला तरी उघडायची नाही. कॉलेजातून चार पावलांवरचा रस्ता सोडून मागच्या बाजूने वळसा घालून यायची. विचारलं की म्हणायची, "तिकडे सावली असते."

आईच्या मनात नाही नाही ते येऊ लागलं. कोणी मागे लागलंय का? कोणी फोटो काढलेत का? कामावर ती दिवसभर लोकांच्या वाईट बातम्या शांतपणे ऐकायची, पण आता बसमध्ये बसल्याबसल्या ती पुन्हा पुन्हा घरी फोन लावायची. एका संध्याकाळी फाटकापाशी कोणी स्कूटरवर बसून वर बघत होता. ती पिशवी टाकून धावत खाली गेली. तो बिचारा पत्ता शोधत होता. तिचा अवतार बघून तोच घाबरला.

आईच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी टिल्ली खेळत होती. समोरच्या शाळेची सुटायची वेळ झाली तशी ती ताडकन उठली आणि उघड्या राहिलेल्या खिडकीकडे धावली. वायर ताणली, हेडसेट खाली आपटला. खिडकी लागली आणि तेवढ्यात बाहेर शाळेची घंटा वाजली. टिल्ली काचेला पाठ लावून उभी होती.

आईच्या तोंडी "काय झालं?" हे शब्द आले होते. पण नोकरीची सवय आड आली. मदतकक्षात पहिला प्रश्न तो नसतो. तिने अगदी कामावरच्या आवाजात विचारलं, "तू आत्ता सुरक्षित आहेस का?"

टिल्लीने नाही अशी मान हलवली आणि रडायलाच लागली.

मग सगळं बाहेर आलं. ती शहरातल्या काही खेळाडूंच्या गटात खेळत होती. तिथे तिचं नाव होतं 'कोळसा'. कोळसा मुलगा की मुलगी हे कोणाला माहीत नव्हतं आणि खेळ झकास चालला होता. एकदा ऐन रंगात सोबत्याला सावध करायला ती जुन्या खरखरत्या माईकवर बोलून गेली. मुलीचा आवाज ऐकला मात्र, गटाचा नूरच पालटला. 'खवीस' नावाच्या एकाने घाणेरडं बोलायला सुरुवात केली. बाकीचे हसले. पुढे तो म्हणाला, "तुझ्या मागे शाळेची घंटा वाजली बरं का. अशा शाळा इथे कितीशा असणार? शोधून काढीन तुला."

"म्हणून माईक नको होता?"

"म्हणून."

"आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही खेळ बंद केला असता."

संध्याकाळी बाबांनी तेच केलं. "खेळू नकोस म्हणजे झालं! कोण कुठली माणसं, कशाला त्यांच्या वाटेला जायचं?" बाबा वाईट नव्हते. ते घाबरले होते, आणि घाबरलेला माणूस आधी स्वतःच्या पोरीला आत ओढतो.

खरं सांगायचं तर आईच्याही मनात पहिल्यांदा हेच आलं होतं. कामावर तिला असे फोन रोज यायचे. रुग्णवाहिकेच्या क्रमांकावर फोन करून अचकट विचकट बोलणारे पुरुष! नव्या मुली रडकुंडीला आल्या की तीच त्यांना शिकवायची, "लक्ष द्यायचं नाही. कट करायचं, पुढचा फोन घ्यायचा." आपण त्या मुलींना धीर देतोय असं तिला वाटायचं. आज चिंधी गुंडाळलेला माईक बघून तिला स्वतःचीच लाज वाटली.

"अहो, तिने खेळ सोडला की उद्या कॉलेजचा रस्ता सोडायचा," ती म्हणाली. "तो तर तिने सोडलाच आहे. परवा नोकरी सोडायची. आणि तो? तो काय सोडणार?"

"मग काय करणार तू? त्याला शोधत फिरणार?"

"आधी ऐकणार. तो काय बोलतो ते आपण दोघंही ऐकू. आवाज साठवून ठेवू आणि पोलिसांत देऊ. घाबरून का होईना, पण तिच्या शेजारी बसून ऐकू."

आणखी काहीतरी टिल्लीच्या ओठांवर येऊन परत जात होतं, हे आईला दिसत होतं.

रविवारी दुपारी तिघं कॉम्प्युटरसमोर बसली. हा कॉम्प्युटर दादाचा होता. टिल्लीचा थोरला भाऊ नोकरीसाठी शहराच्या पलीकडच्या टोकाला मित्रासोबत खोली करून राहायचा. जाताना तो आपला जुना कॉम्प्युटर बहिणीला देऊन गेला होता. खेळायलाही त्यानेच शिकवलं होतं. नंतर मात्र, "तू मागे पडतेस, आमच्यात नको येऊस," असं म्हणून तिला टाळायला लागला होता.

टिल्लीने चिकटपट्टी काढली, चिंधी सोडली. आवाज स्पीकरवरही लावला आणि तो साठवायची सोयही केली.

थोडा वेळ खेळातले धाडधाड आवाज. मग खवीस बोलला. लाडिक, मुद्दाम घोगरा केलेला आवाज.

"कोळसाबाई, जिवंत आहेस ना? तुझी शाळा सापडली. आता फक्त गल्ली राहिली. येऊ का भेटायला?"

दोन-तीन जण हसले. त्यातला एक नाकातून फसफस हसला आणि हसता हसता खोकला.

बाबा उभेच राहिले. ते हसू आई-बाबा दोघांनीही, ते बोबडं होतं तेव्हापासून ऐकलं होतं.

टिल्लीने आईकडे पाहिलं. हेच तर तिला सांगता येत नव्हतं. आपण मागे पडत नाही हे दादाला दाखवायचं म्हणून ती नाव बदलून त्याच्याच गटात शिरली होती. त्याला हरवायचं आणि मग सांगायचं, अशी गंमत ठरवली होती. आणि ज्या दिवशी खवीस पहिल्यांदा घाण बोलला, त्या दिवशी तिला हे हसू ऐकू आलं होतं. जुन्या माईकच्या खरखरीमुळे तिचा आवाज दादाला ओळखू आला नव्हता.

तिने माईक तोंडासमोर ओढला. आवाज खणखणीत गेला.

"दादा, तू हसलास."

पलीकडचं हसू तुटलं. खेळातली गोळीबाराची धडधड तेवढी चालू राहिली.

"टिल्ली?" दादा म्हणाला. "टिल्ली, तू? तू कोळसा आहेस?"

कोणीतरी कुजबुजलं. मग खवीस बोलला. घोगरेपणा पार गेला होता. "अरे, तुझी बहीण? सॉरी यार. खरंच सॉरी, तुझी बहीण आहे हे माहीत नव्हतं."

हा साधा आवाज आईने ओळखला. दादाच्या खोलीतला तो मित्र. मागच्या महिन्यातच घरी येऊन जेवून गेला होता. माळ्यावरची जड पेटी स्वतःहून उतरवून दिली होती, निघताना वाकून नमस्कार केला होता. किती गुणी मुलगा, असं तीच म्हणाली होती. जे घर तो शोधत होता, त्याच घरात तो पोटभर जेवला होता! अनोळखी माणसाची भीती तिने सहन केली असती. ओळखीच्या, हसऱ्या, कामसू मुलाच्या आत हे असेल, तर आता भ्यायचं तरी कोणाकोणाला?

तिने मुलीच्या खांद्यावरून वाकून माईकपाशी तोंड नेलं.

"मी काकू बोलतेय. सॉरी कोणाला म्हणालास तू?"

"काकू... त्याला. म्हणजे... चुकलं, काकू. गंमत करत होतो. मला खरंच माहीत नव्हतं."

"काय माहीत नव्हतं? ती मुलगी आहे हे माहीत होतं. ती घाबरलीय हेही माहीत होतं, त्यातच तर तुला मजा येत होती. तिला दादा आहे, एवढंच माहीत नव्हतं. म्हणजे जिला दादा नाही, तिने काय करायचं?"

पलीकडून एकेक जण खेळातून बाहेर पडला.

संध्याकाळी दादा घरी आला. दारातच घुटमळला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"आई, मी तिला काही बोललो नव्हतो गं. मी नुसता हसलो," तो म्हणाला.

"हो ना. एवढ्या जणांत तो एकटाच बोलत होता. बाकीचे नुसते हसले म्हणून तर त्याला जोर चढला," आई म्हणाली. "एखाद्याने जरी 'गप रे' म्हटलं असतं, तर तुझ्या बहिणीने भर उन्हाळ्यात खिडक्या लावल्या नसत्या."

दादा खाली बसला. मग टिल्लीला म्हणाला, "तुझ्या आधीही एक मुलगी होती. चांगली खेळायची. तो तिलाही असंच बोलला. मी तेव्हाही हसलो. एक दिवस ती यायचीच बंद झाली. आम्ही म्हटलं, कंटाळली असेल."

"तिला विचारलंस?"

"नाही."

"तिचंही घर शोधत होता का तो?"

दादाने मान खाली घातली. "मला वाटायचं, गंमत आहे. तो कशाला खरंच जाईल?" आणि मग त्याला रडू कोसळलं, कारण तो खरंच गेला होता की नाही, हे त्याला छातीठोकपणे सांगता येत नव्हतं.

साठवलेला आवाज घेऊन दुसऱ्या दिवशी चौघंही पोलिसांत गेली. मित्राचे फोनावर फोन येत होते. "काकू, माझी नोकरी जाईल, घरी कळेल." आईलाही वाईट वाटलं, जेवू घातलेला मुलगा तो. पण तिने निर्णय टिल्लीवर सोडला आणि टिल्ली म्हणाली, "तक्रार द्यायची." दादाने त्याच दिवशी खोली सोडली आणि साक्षीदार म्हणून स्वतः सही केली. आईने मदतकक्षात मोठ्या साहेबांपुढे जाऊन सांगितलं की यापुढे घाण बोलणाऱ्यांचे फोन नुसते कट करायचे नाहीत, त्यांचे क्रमांक पुढे पाठवायचे. नव्या मुलींना ती आता वेगळं शिकवते.

टिल्ली खेळते. माईक उघडा ठेवून खेळते, आणि दादाला हरवतेही.

बंधुभगिनींनो, मुलाबाळांना हेडसेट जरूर घेऊन द्या. कानाला बोचणार नाही असा, खिशाला परवडणारा, स्वच्छ आवाजाचा बघून घ्या. पण त्या माईकपुढे बसून आपलं लेकरू काय बोलतं आणि कशाला हसतं, तेही एकदा शेजारी बसून ऐका. पोरींना माईक झाकायला शिकवणं फार सोपं आहे, पिढ्यान्‌पिढ्या आपण तेच करत आलो. पोरांना हसू आवरायला शिकवायचं काम अजून बाकी आहे. कुणाची बहीण आहे हे कळल्यावर दिलेला मान हा त्या भावाला दिलेला मान असतो, मुलीला नव्हे.

त्या आधीच्या मुलीला दादाने गटातल्या तिच्या नावावर निरोप पाठवला. माफी मागितली, आता इथे कोणी काही बोलणार नाही असं लिहिलं. निरोप पोचला आहे, पण तो अजून कोणी उघडलेला नाही.