माझ्या पोटातली टरफलं

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी स्टूल आहे. जुनं म्हणजे दुकानात काचेमागे मांडून ठेवतात तसलं नव्हे हं. माझ्यावर चढून लोक पंखा पुसतात. नळ दुरुस्त करणारा माझ्यावर बुटांसकट उभा राहतो आणि वर मलाच ऐकवतो, "जरा हलतंय हो हे तुमचं." हलतो तो, नाव माझं.

माझा जन्म एका दारातून झाला. बाथरूमचं दार खालून फुगलं म्हणून घरच्यांनी काढून टाकलं. त्याचा वरचा अर्धा भाग चांगला ठणठणीत होता. आजोबा, म्हणजे या घरातल्या आईचे वडील, खालच्याच मजल्यावर राहायचे. जन्मभर सुतारकाम केलेलं, आता खांदे दुखतात म्हणून घरी बसलेले. त्यांनी ते अर्धं दार वास घेऊन पाहिलं, बोटाच्या पेरानं वाजवलं आणि म्हणाले, "याचं काहीतरी होईल."

त्याचं मी झालो.

मी कुणासाठी, तर लिंबीसाठी. लिंबी म्हणजे त्यांची नात. जन्मली तेव्हा लिंबाएवढी दिसली म्हणून आजोबांनी तेच नाव ठेवलं आणि खरं नाव बिचारं कपाटातल्या कागदांवरच राहिलं. ती तेव्हा चार वर्षांची होती आणि तिला ओट्यावर काय चाललंय ते बघायचं होतं. टाचा उंचावून तिला दिसायचा फक्त ओट्याखालचा कचऱ्याचा डबा.

आजोबांनी तिला ओट्याला पाठ लावून उभं केलं. "कोपर वाकव. आता श्वास घे. सोड."

"श्वास कशाला?"

"त्याशिवाय माप बरोबर येत नाही."

थाप होती, पण लिंबीनं इमानदारीत तीनदा श्वास घेतला.

मग करवत, रंधा, सरस, खिळे. मला दोन पायऱ्या केल्या. पोरीचा पाय आत अडकू नये म्हणून मला चारी बाजूंनी आणि बुडालाही फळ्या ठोकून बंद केलं, आणि उचलायला सोपं जावं म्हणून वरच्या फळीला चार बोटं जातील एवढं भोक पाडलं. हे भोक लक्षात ठेवा. आजोबांना वाटलं होतं ते उचलण्यासाठी आहे. लिंबीनं त्याचा खरा उपयोग दुसऱ्याच दिवशी शोधून काढला.

आता आईबद्दल सांगतो. आई चष्म्याच्या दुकानात कामाला. दिवसभर लोकांना "हे स्पष्ट की ते स्पष्ट?" विचारायचं. मी आलो त्या सुमाराला तिनं नैसर्गिक आहाराचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि घरात क्रांती केली. बिस्किटं गेली, सरबताच्या बाटल्या गेल्या, रंगीत गोळ्या गेल्या. खिडकीत पुदिना आला, बरणीत मोड आले. बाबा मालाची गाडी चालवायचे. ते संध्याकाळी घरी येऊन फडताळ उघडायचे, आत बघायचे आणि कुणीतरी वारल्यासारखं तोंड करून बंद करायचे.

आईनं नियमही केले. स्वयंपाक रोज ताजा, तिनं कामावरून आल्यावर. मुलांनी त्यात हातभार लावायचा. आणि खायचं फक्त टेबलावर, ताट वाढल्यावर, सगळ्यांबरोबर. काम करताना तोंडात काही टाकायचं नाही.

आई वाईट नव्हती हो. तिला पोरीचं भलंच करायचं होतं. फक्त ती जरा जास्तच नीट करत होती.

तर रोज संध्याकाळी लिंबी माझ्यावर चढायची. मटार सोलायची, फ्लॉवरचे तुरे मोडायची, कोबीची पानं सुटी करायची. आई शेगडीपाशी. आणि लिंबीचं तोंड चालू! एक दाणा पातेल्यात, तीन तोंडात. गाजराचा तुकडा, टोमॅटोची फोड, काकडीच्या चकत्या. नियम तर मोडलेला, मग पुरावा कुठे ठेवायचा? रिकाम्या शेंगा फार दिसल्या तर आईला कळणार. म्हणून टरफलं, देठ, शेंडे, सगळं माझ्या त्या भोकातून आत. टुप. टुप. टुप.

मी काय करणार होतो? मला तोंड असतं तरी मी सांगितलं नसतं. चार वर्षांच्या पोरीनं एवढ्या शिताफीनं चोरी करावी, आणि तीही फ्लॉवरची! मला तर मजा वाटायची.

गंमत इथपर्यंतच होती.

सात वाजता ताटं वाढली जायची आणि लिंबी बसायची ढिम्म. वाटाणा इकडे लोट, भात तिकडे लोट. पोटात जागाच नव्हती. तिचा भाऊ भोपळ्या, वय वर्षं सव्वा, चमच्यासकट जेवायचा, आणि ही मात्र दोन घास खाऊन "झालं." आईनं एक तक्ता करून फ्रिजला लावला. रोज रात्री त्यात लिहायची: पाव ताट. दोन घास. काही नाही. काही नाही.

"आजकाल मटारातही काही दम नाही," आई एकदा म्हणाली. "एवढ्या शेंगा आणल्या आणि दाणे मूठभर." दुसऱ्या दिवशी ती भाजीवाल्याशी भांडून आली. त्या बिचाऱ्यानं शपथा घेतल्या म्हणे.

आई लिंबीला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. परत आली ती धुसफुसतच. "म्हणे वजन उत्तम आहे! पंधरा किलो. काटाच बिघडलेला असणार. जी पोरगी खातच नाही तिचं वजन उत्तम कसं?"

"अगं, उत्तम आहे तर उत्तम आहे," बाबा म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. दुकानातल्या ताई सांगत होत्या, स्वयंपाकाच्या वासानंच पोरांचं पोट भरतं. तासभर शेगडीजवळ उभं राहिल्यावर भूक मरणारच." आणि माझ्याकडे बोट दाखवून, "आधी ते स्टूल बाहेर काढा."

असा मी बाल्कनीत गेलो. माझ्या डोक्यावर पुदिन्याची कुंडी आली. कुंडीतून पाणी गळायचं ते माझ्या अंगावर. पण तिथून स्वयंपाकघराचं दार दिसायचं, म्हणून पुढचं सगळं मला माहीत आहे.

मला वाटलं होतं, बरं झालं, आता पोरगी ताटात जेवेल. झालं उलटंच. लिंबी बाहेरच्या खोलीत बसायची, सात वाजता टेबलावर यायची आणि ताटाकडे असं बघायची जणू परक्या घरी आली आहे. आधी निदान दोन घास तरी. आता ओठच मिटलेले. आई आधी गोड बोलली, मग गोष्टी सांगितल्या, मग ओरडली, मग स्वतःच रडली. तक्त्यात "काही नाही"ची रांगच लागली. आणि या वेळी तक्ता खोटं सांगत नव्हता. लिंबीच्या फ्रॉकचा पट्टा एक भोक आत गेला, मग दुसरं. जिना चढताना ती मध्येच बसायला लागली.

एका रविवारी दुपारी बाबा गुपचूप बाल्कनीत आले. पुदिन्याची कुंडी खाली ठेवली, माझ्यावर बसले आणि खिशातून बिस्किटांचा पुडा काढला. पाठोपाठ लिंबी आली. बाबांनी इकडेतिकडे बघितलं आणि पुडा पुढे केला. "घे. आईला सांगू नकोस."

लिंबीनं बिस्किटाकडे पाहिलं. "नको."

"अगं, क्रीमचं आहे."

"नको, बाबा." आणि ती आत गेली.

बाबांच्या हातातलं बिस्किट तसंच राहिलं. ते उठले आणि तडक आईसमोर जाऊन उभे राहिले. "हे काही खरं नाही. पोरगी बिस्किटसुद्धा नको म्हणाली."

"कुठलं बिस्किट?"

बाबांच्या लक्षात आलं, पण आता उशीर झाला होता. "ते राहू दे. मला नंतर बोल. आधी डॉक्टरकडे चल."

सोमवारी दोघंही गेले. परत आले तेव्हा आईचा आवाज अगदी लहान झाला होता. आजोबा वर येऊन वाट बघत बसले होते.

"काय म्हणाल्या?"

"आठशे ग्रॅम कमी झालंय. पुढच्या आठवड्यापर्यंत असंच राहिलं तर दवाखान्यात ठेवावं लागेल म्हणाल्या." आई खुर्चीवर टेकली. "विचारत होत्या, आधी काय करत होती जे आता करत नाही? मी म्हटलं, काही नाही. ओट्यापाशी लुडबुड करायची, तेवढं फक्त बंद केलंय."

आजोबांनी डोकं खाजवलं. "स्टूल कुठंय?"

"बाल्कनीत. पण बाबा," ती आजोबांना म्हणाली, "त्या स्टुलाचा काय संबंध?"

"आणून तर बघू. एवढं करून झालं, हेही करून बघू."

आईनंच मला उचललं. घाईत एका बाजूनं तिरपं केलं आणि माझ्या पोटात खळखळ आवाज झाला. ती थांबली. पुन्हा हलवलं. खळखळ.

"बाबा, यात काहीतरी आहे."

"मी तर काही ठेवलं नव्हतं," आजोबा म्हणाले.

जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, मला उलटं केलं आणि थोपटलं. मित्रांनो, काय सांगू! मटाराची वाळलेली टरफलं, मूठ मूठ. गाजराचे शेंडे. टोमॅटोचे देठ. काकडीची बुडखी. फ्लॉवरचे दांडे, सुकून काड्या झालेले. ढीगच्या ढीग. महिन्याभराचं जेवण म्हणा ना. मला आतून एवढं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

दारात लिंबी उभी होती. ढीग पाहून तिचा चेहरा पांढरा पडला. "मी नाही खाल्लं," ती म्हणाली आणि भोकाड पसरलं.

आजोबा चष्मा लावून खाली बसले आणि एकेक टरफल उचलून बघायला लागले. "दाणे सगळे गेलेत. किडका एकही नाही. निवडून निवडून खाल्लंय." मग लेकीकडे बघून म्हणाले, "अगं, ही उपाशी कधी होती? ही जेवून उठायची आणि तू तिला परत जेवायला बसवायचीस."

आईनं मला सुलटं केलं. ती माझ्यावर बसली. लिंबीला जवळ ओढून तिनं विचारलं, "मला सांगितलं का नाहीस, राणी?"

"तू म्हणालीस काम करताना खायचं नाही." हुंदका. "मग तू मला चढू दिलं नसतंस."

"आणि मी तुला न विचारताच उतरवलं," आई म्हणाली. तिनं लिंबीला मांडीवर घेतलं. दोघींचं वजन माझ्यावर होतं, पण तक्रार नाही.

मग आई उठली, पिशवीतून मटार काढले आणि मला ओट्याला लावलं. "चढ. आणि खा."

लिंबी चढली. एक शेंग सोलली. दाणे हातात घेऊन आईकडे बघत राहिली.

"खा ना."

"तू बघतेयस."

"मग?"

"मग मजा काय?"

आजोबांना ठसका लागला. आई कमरेवर हात ठेवून क्षणभर उभी राहिली. मग म्हणाली, "बरं बाई," आणि शेगडीकडे वळली.

सगळे कान देऊन होते. आधी शेंग फुटल्याचा आवाज आला. मग दाताखाली दाणा फुटल्याचा. मग आणखी एक. आईनं डाव पातेल्यात उगाचच फिरवला. पातेलं रिकामं होतं.

त्या दिवशी पिशवीतले मटार संपले. भातात घालायला एकही उरला नाही आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. शुक्रवारपर्यंत वजन तीनशे ग्रॅम वर आलं आणि दवाखान्याची गोष्ट बारगळली. तक्ता फ्रिजवरून निघाला. आई भाजीवाल्याकडे जाऊन माफी मागून आली. तेव्हापासून आमच्याकडे मटार दुप्पट येतात: एक वाटा पातेल्याचा, एक चोराचा.

या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. लिंबीला माझी गरज उरली नाही. ती उभ्या उभ्या माळ्यावरचे डबे काढते. भोपळ्यानंही माझ्यावर तीन वर्षं काढली, पण तो चोरून खात नसे, उघडउघड खायचा. मग मी पंखे आणि नळांच्या कामाला लागलो. खालच्या पायरीचा एक खिळा वर आलाय. कुणाच्या लक्षात येईल तेव्हा ठोकतील.

म्हणून एवढंच सांगतो, मित्रांनो. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल तर त्याला उन्हापावसात टाकू नका, ओल्या फडक्यानं पुसा आणि लगेच कोरडं करा. खिळे वर आले तर आजच ठोका, कारण त्यावर लहान पाय चढतात. आणि मोठ्यांना माझा निरोप द्या: पोर जेवत नाही म्हणून त्याला ओट्यापासून लांब नेऊ नका. जवळ आणा, हातात काहीतरी सोलायला द्या, आणि थोडा वेळ दुसरीकडे बघा.